कलेचा धंदा आणि कारागिराचा आनंद



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी ही प्रथा रुजली. दिवसभराच्या तलखीनंतर चार माणसांनी एकत्र बसावे आणि एखाद्या प्रश्नाचा नीट विचार करावा, एवढाच तिचा साधा हेतू. यवतमाळच्या उन्हाळ्यात तर संध्याकाळखेरीज विचार करायला दुसरी वेळच सापडत नाही. या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जिनिंगच्या फाटकावर, हमालांच्या बैठकीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर जे पदरात पडले तेवढेच माझे भांडवल आहे.

चिटणीसांनी मला विषय दिला तो असा : मोबाइलवरून आपली कला विकणाऱ्या माणसाने आनंदी कसे राहावे आणि अस्सल कसे राहावे? विषय ऐकून आमच्या युनियनमधले एक सहकारी हसले. ते म्हणाले, “तुमचा आयुष्यभराचा धंदा गाऱ्हाण्यांचा. तुम्ही आनंदावर काय बोलणार?” मला मात्र वाटते की, गाऱ्हाणे आणि आनंद हे एकमेकांचे शेजारी आहेत. आनंद कुठे संपतो हे ज्याला रोज पाहावे लागते, त्याला तो कुठे सुरू होतो याचा थोडा अंदाज असतोच. शिवाय या जिल्ह्यात आनंद हा शब्द जपूनच वापरावा लागतो. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी सहकुटुंब आपले जीवन संपवले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून ‘नेहमी हसत राहा’ असला उपदेश करायला मी आलेलो नाही.

प्रथम हा माणूस कोण ते पाहू. दिग्रस-पुसदकडच्या तांड्यावर कवड्या, आरसे आणि रंगीत दोरा घेऊन भरतकाम करणारी बंजारा भगिनी आता आपल्या पिशव्यांचे फोटो मोबाइलवर टाकते आणि पुण्या-मुंबईची मागणी घेते. कोणी वऱ्हाडी बोलीत किस्से सांगतो, कोणी भजन गातो, कोणी चुलीवरचा स्वयंपाक दाखवतो, कोणी पोळ्यासाठी लाकडी बैल कोरून विकतो. दुकान नाही, गल्ला नाही, पाटी नाही. हातात एक यंत्र आणि अंगात एक कला. या सगळ्यांना मी कारागीर म्हणणार आहे, कारण ‘कलावंत’ म्हटले की आपण लगेच हारतुरे शोधू लागतो आणि मजुरीचा विषय राहून जातो.

या कारागिराला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला सल्ला असा, की मनापासून काम कर, पैसा आपोआप येईल. दुसरा असा, की गिऱ्हाईक मागेल ते दे, मन वगैरे घरी ठेव. मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात. मनापासून काम करण्याने पैसा येत असता, तर अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिले नसते. ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली, तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, घरोघर ती वाचली गेली. आणि १९६९ साली अण्णाभाऊ गेले ते हलाखीतच. त्यांच्या मनःपूर्वकतेत काही उणे होते असे कोण म्हणेल? दुसऱ्या सल्ल्याचे फळही आपण पाहतो. मागणीप्रमाणे सोंग काढता काढता माणसाला आपला मूळ चेहरा सापडेनासा होतो, आणि मग पैसा मिळूनही त्याला आपल्या कामाचा वीट येतो.

तेव्हा मूळ प्रश्नाला हात घातला पाहिजे. हा कारागीर मालक आहे की कामगार? त्याला सगळे सांगतात की, तू आता स्वतःचा मालक झालास. कापूस घेऊन बाजारात आलेला शेतकरीसुद्धा मालकच असतो. गाडी त्याची, कापूस त्याचा, बैल त्याचे. पण भाव त्याचा नसतो, आणि काटाही त्याच्या हातात नसतो. यूट्यूबवर गाणाऱ्याची स्थिती याहून फार वेगळी नाही. साधारणपणे हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले गेल्याशिवाय जाहिरातीचा वाटा सुरू होत नाही. ही अट कंपनीने २०१८ साली घातली. वाटा सुरू झाला की लांब चित्रफितीच्या जाहिरातीतले शंभरापैकी पंचावन्न रुपये त्याचे, आणि आखूड चित्रफितीच्या वाटणीत, २०२३ पासून, पंचेचाळीस. मी या आकड्यांना एकदम अन्याय म्हणत नाही. यंत्रणा चालवायला खर्च येतोच. मी एवढेच विचारतो की, ही वाटणी ठरली तेव्हा गाणाऱ्याला कोणी विचारले होते काय? ज्याला भाव ठरवताना विचारत नाहीत, त्याला मालक म्हणणे ही सभ्य भाषेतली थट्टा आहे.

हे ध्यानात आले की आनंद का हरवतो ते समजू लागते. आमच्याकडे रोजाचे काम आणि उक्ते काम असा भेद करतात. रोजावर असलेल्या माणसाच्या पाठीशी मुकादम उभा असतो, पण दिवस मावळला की मुकादमही घरी जातो. उक्त्या कामात माणूस स्वतःच स्वतःचा मुकादम बनतो. अजून एक पोते, अजून एक खेप, असे करता करता तो जेवायचेही विसरतो. मोबाइलवरचा कारागीर हा उक्त्या कामावरचा माणूस आहे, आणि त्याच्या मुकादमाला झोप नाही. किती जणांनी पाहिले, किती जणांनी पसंत केले, कोण सोडून गेला, हे आकडे पहाटे तीन वाजतासुद्धा दिसतात. पाहणारा एक दिवस गैरहजर राहिला तर आपणच मेलो असे या माणसाला वाटू लागते. गाणे म्हणताना त्याचे लक्ष सुरात नसते, आकड्यात असते. आणि सुरातले लक्ष गेले की आनंद गेला, मग तो कितीही हसून गायला तरी.

यावर पहिला उपाय १८९० सालचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवार हा जणू पंचांगातूनच आला असे समजतो. तो लढून मिळालेला दिवस आहे. माझी प्रत्येक कारागिराला विनंती आहे की, लोखंड्यांनी मिळवून दिलेला दिवस यंत्राला परत देऊन टाकू नका. आठवड्यातून एक दिवस मोबाइल कपाटात ठेवा. आकडे पाहायची एक वेळ ठरवा, आणि शक्यतो ती काम संपल्यानंतरची ठेवा. गिऱ्हाइकालाही तसे स्पष्ट कळवा : ‘सोमवारी मागणी घेतली जाणार नाही.’ ज्याला तुमचा माल हवा आहे तो मंगळवारी येईल. आमच्या हमालांनी बाजाराची सुट्टी बांधून घेतली तेव्हा पुष्कळांनी भय दाखवले की धंदा बुडेल. धान्य काही दुसऱ्या दिवशी सडले नाही.

आता खरेपणाकडे वळू. याबाबत आपल्याकडे एक गैरसमज आहे. जुने ते खरे आणि नवे ते खोटे, असे पुष्कळांना वाटते. बंजारा बाईने फेटिया आणि कांचळीवरचे टाके पिशवीवर घातले, तर काही पंडित म्हणतात की परंपरा भ्रष्ट झाली. मला तसे वाटत नाही. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तू नव्या झाल्या, टाका टिकला, आणि टाक्याबरोबर तो घालणारा हातही टिकला. खोटेपणा वस्तू बदलण्यात नाही. खोटेपणा तेव्हा येतो, जेव्हा यंत्राने शिवलेली पिशवी हातची म्हणून विकली जाते, किंवा पाच बायकांनी केलेल्या कामावर एकीचेच नाव लागते, किंवा दोन दिवसांच्या मजुरीला ‘प्रेमाने बनवलेले’ असे म्हणून दाम मात्र दोन तासांचा दिला जातो. खरेपणाची माझी कसोटी कामगाराची आहे : हे काम कोणी केले, किती वेळात केले आणि त्याला काय मिळाले, हे जो उघड सांगू शकतो त्याचा माल अस्सल.

बोलणाऱ्या आणि दाखवणाऱ्या कारागिराचे खरेपण कशात असते? अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजींचे उदाहरण घ्या. २०२० साली त्यांच्या नातवाने ‘आपली आजी’ या नावाने त्यांचा स्वयंपाक यूट्यूबवर दाखवायला सुरुवात केली आणि बघता बघता लाखो लोक त्या पाहू लागले. लोक काय पाहत होते? झगमगाट नव्हता. आजी जशी घरी बोलते तशी बोलत होती आणि जे तिला येते तेच करून दाखवत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात ती वाहिनी चोरांनी पळवली, आणि काही दिवसांनी ती परत मिळाली. वाहिनी चोरता येते. आजीच्या हाताची चव चोरता येत नाही. कारागिराने आपली ताकद कुठे आहे हे यावरून ओळखावे.

पण आपल्या जिल्ह्यापुरता मला याहून अवघड मुद्दा मांडायचा आहे. बाजाराला आनंद जसा विकत हवा असतो, तसे दुःखही हवे असते. बाहेरून माणसे येतात, पडक्या भिंतीपुढे एखाद्या विधवा भगिनीला उभे करतात आणि तिला रडायला सांगतात. रडणे जितके जास्त, तितकी चित्रफीत अधिक चालते. हळूहळू गावातली तरुण मुलेही शिकतात की आपले दारिद्र्य हाच आपला विकाऊ माल आहे. मग घरात बरे दिवस आले तरी ते लपवावे लागतात, नाहीतर पाहणारे निघून जातात. हा खोटेपणा मोठा भयंकर आहे, कारण तो माणसाला आपल्याच सुखाची चोरी करायला लावतो.

याच्या उलट एक दृश्य याच यवतमाळने पाहिले आहे. ११ जानेवारी २०१९ रोजी येथे भरलेल्या बाण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची ही पत्नी, अंगणवाडीत काम करून मुले वाढवणारी, नाटकात उभी राहणारी. त्या व्यासपीठावरून बोलल्या तेव्हा त्यांनी दया मागितली नाही. जगणाऱ्या बाईच्या हक्काने त्या बोलल्या. दुःख सांगणे आणि दुःख विकणे यांतला फरक ज्याला पाहायचा असेल त्याने तो प्रसंग आठवावा. सांगणारी बाई आपल्या गोष्टीची मालकीण असते. विकायला लावलेली बाई आपल्याच गोष्टीत मजूर होते.

यापुढचा मुद्दा हिशेबाचा. आनंदाच्या व्याख्यानात हिशेब कशाला, असे कोणी म्हणेल. मी तर म्हणतो की, हिशेब नसलेला आनंद सावकाराच्या दारी जाऊन संपतो. एक साधी वही करा. त्यात महिन्याला किती आले ते लिहाच, पण किती तास गेले तेही लिहा. दोऱ्याचा, विजेचा, टपालाचा खर्च वजा करा आणि उरलेल्याला तासांनी भागा. पुष्कळ जणांना हा भागाकार केल्यावर कळते की, आपण शेतमजुराच्या रोजापेक्षाही कमी दरात स्वतःला राबवत आहोत. हे कळले की दोनच रस्ते उरतात : भाव वाढवणे, नाहीतर काम कमी करणे. भाव वाढवताना लाजू नका. लाज वाटायचीच असेल तर ती घासाघीस करणाराला वाटू द्या.

दुसरे असे की, एकाच बाजारावर सगळा कापूस टाकू नका. २९ जून २०२० रोजी सरकारने एकोणसाठ मोबाइल अॅपांवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. बंदीची कारणे देशाच्या सुरक्षिततेची होती, त्यात मी शिरत नाही. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतली कित्येक नाचणारी, गाणारी, हसवणारी पोरे त्या रात्री झोपली ती हजारो रसिकांची होऊन, आणि उठली ती कोणाचीच नाही अशी. मोठा कारखाना बंद करायचा तर कायद्याने आगाऊ परवानगी लागते, नुकसानभरपाई द्यावी लागते. येथे फाटकावर नोटीससुद्धा लागली नाही. म्हणून आपल्या गिऱ्हाइकांची नावे आणि पत्ते, त्यांच्या संमतीने, आपल्या स्वतःच्या वहीत असू द्या. आठवडी बाजारात एक दिवस बसा, जत्रेत एक पाल लावा. समोरासमोर माल घेणारा एक माणूस पडद्यावरच्या शंभरांइतका धीर देतो.

आणि उचल घेताना सावध राहा. नारायणगावला तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात, तेथे फडातल्या कलावंतांना उचल देण्याची जुनी रीत आहे. उचल घेतलेला कलावंत हंगामभर बांधला जातो. आज जाहिरातदार आगाऊ रक्कम देतो तीही उचलच. ज्या तेलाने आपले केस वाढत नाहीत त्या तेलाची स्तुती करण्यासाठी उचल घेतली, तर पैसा फिटतो, शब्द फिटत नाही.

नोकरी असलेल्या तरुणांना एक वेगळी सूचना करतो. कला फुलू लागली की लगेच पोटाची नोकरी सोडू नका. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवली, पुढे शिक्षक झाले, आणि त्याच कष्टांतून त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२ साली आला. पगार पोटाची काळजी वाहत होता, म्हणून कवितेला कोणाची खुशामत करावी लागली नाही. नोकरीला तुच्छ लेखू नये. कित्येकदा तीच कलेची मोलकरीण होऊन घर झाडते.

आता आपण म्हणाल, हे सगळे एकेकट्याने करायचे काय? येथेच माझा खरा मुद्दा आहे. एकट्याचा आनंद फार नाजूक असतो. हमालाला ठरावीक मालक नसतो; आज या अडत्याची गाडी, उद्या त्याची. म्हणून त्याला कोणताच कायदा लागत नसे. तरीही संघटनेच्या बळावर महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळे झाली, हमालाची नोंद झाली, मालावर आकारणी बसली, आणि ज्याचा कोणी धनी नव्हता त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. ‘ठरावीक मालक नाही’ हे रडगाणे तेव्हाच खोटे ठरले आहे.

कारागिरांनीही हे केलेले आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले, ते एकेकटे गात फिरले नाहीत. चित्रपटांच्या लेखकांनी आपली संघटना केली, आणि २०१२ साली कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनावरचा हक्क पक्का झाला. तिकडे जर्मनीत २०१९ साली यूट्यूबवर काम करणाऱ्यांची संघटना आणि आय. जी. मेटाल ही धातुकामगारांची बलाढ्य युनियन एकत्र आल्या आणि त्यांनी कंपनीकडे उघड नियमांची मागणी केली. लोखंड ओतणारा आणि चित्रफीत करणारा एका बाकावर बसले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडेही दार थोडे किलकिले आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांची व्याख्या आहे, आणि मध्यस्थ कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद आहे. त्या कंपन्यांच्या प्रकारांची यादी सातव्या परिशिष्टात दिली आहे. तिच्यात गाड्या आणि जेवण पोचवणाऱ्यांबरोबर ऑनलाइन बाजारपेठ आहे, आणि ‘मजकूर व माध्यम सेवा’ हाही शब्द आहे. कायद्यातला शब्द आपण होऊन कोणाच्या घरी भाकरी घेऊन येत नाही, हे मला माहीत आहे. माथाडींचाही आला नव्हता. पण शब्द लिहिलेला आहे. तो वाचून, धरून, त्यावर भांडणारी माणसे हवीत. तांड्यावरच्या सात बायका, गावातले चार गायक, दोन चित्रफिती करणारे, एवढ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आपापल्या वह्या एकमेकांना दाखवल्या तरी सुरुवात होते. कोणाला किती भाव मिळतो हे जोवर गुप्त असते, तोवर सगळ्यांनाच कमी मिळतो.

शेवटचे सांगतो. आपल्या कलेतला एक वाटा विकायचा नाही, असे प्रत्येकाने ठरवावे. कोलामपोडावर दंडार रंगते तिला तिकीट नसते. पोळ्याला झडत्या म्हणतात त्यांची कोणी बोली लावत नाही. गोरोबांनी मडकी विकली, सावतोबांनी भाजी पिकवली, नरहरींनी सोने घडवले. त्यांचा भक्तीचा वाटा मात्र बाजारात गेला नाही, आणि त्या वाट्याच्या जोरावर त्यांचा धंदाही स्वच्छ राहिला. तुकडोजी महाराजांची खंजिरी या विदर्भाने ऐकली, ती गावाने एकत्र बसून ऐकली. तुम्हीही एक गाणे असे ठेवा, की जे फक्त घरच्यांसाठी आहे. एक चौकोन असा भरा, की ज्याचा फोटो निघणार नाही. एक पदार्थ असा करा, की जो फक्त शेजारणीकडे जाईल. त्या न विकलेल्या वाट्याकडे पाहून तुम्हाला कळत राहील की विकलेल्या वाट्यात तुम्ही अजून शिल्लक आहात की नाही.

सुट्टी, हिशेब, उघड मजुरी, चार सोबती आणि न विकलेला एक वाटा, एवढी बांधबंदिस्ती केली म्हणजे आनंद नक्की येईल, अशी हमी मी देत नाही. पाऊस आपल्या हातात नसतो. पण बांध घातलेल्या शेतात पडलेला पाऊस वाहून जात नाही, एवढे या जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे.